वणव्यात जळलेल्या डोंगरावर कुत्र्याकरवी बी पेरणी

जानेवारी २०१७ मध्ये चिलीत चार लाख हेक्टरांहून जास्त रान जळलं. तिथल्या एल माउले प्रांतात फ्रान्सिस्का तोरेस या प्रशिक्षिकेने आपल्या तीन बॉर्डर कोली कुत्र्यांच्या पाठीवर बियांच्या पिशव्या बांधल्या आणि त्यांना जळक्या रानात मोकळं सोडलं. कुत्री धावत राहिली, बी सांडत गेलं. ही कुत्री दिवसाला तीस किलोमीटरपर्यंत धावत आणि नऊ किलोहून जास्त बी पसरत. बातमी जगभर गाजली आणि तेव्हापासून 'आपल्याकडे हे जमेल का' असं कोकणातही विचारलं जातं.

जमतं, पण जसंच्या तसं नाही. तिथला पाऊस वेगळा, झाडं वेगळी, कुत्रीही वेगळी. आपल्याकडे जूनमध्ये तासाभरात कुत्र्याची जीभ लोंबते. तीस किलोमीटर विसरा, सकाळी तीन किलोमीटर नीट झाले तरी तीन एकर होतात. शिवाय कोकणात मुळात बी पेरायची गरज कुठे आहे, हा प्रश्न कुत्र्याच्या आधी येतो.

कुठे पेरायचं आणि कुठे हात लावायचा नाही

वणवा विझला की लगेच काही करू नका. जळक्या बुंध्यांची मुळं जमिनीखाली कित्येक दिवस धुमसत असतात, वरून राख थंड दिसते आणि पाय आत गेला की भाजतो. पंधरा दिवसांनी, शक्यतो एखादा वळीव पडून गेल्यावर, माणसांनीच आधी डोंगर फिरून घ्यावा. कुत्रं घरी.

पाहायचं ते फुटव्यांकडे. ऐन, किंजळ, कुंभा ही झाडं जळूनही खोडाच्या बुडातून फुटतात. कुंभ्याची साल तर आगीसाठीच बनवल्यासारखी जाड असते. वरकस जमिनीवर दर दहा पावलांना एखादा जिवंत बुंधा दिसत असेल तर तिथे बी टाकू नका. फुटव्यांना दोन वर्षं गुरांपासून आणि पुढच्या वणव्यापासून राखलंत की रान आपसूक वर येतं. बुंधेच मेले आहेत, वरची माती उघडी पडली आहे, उतार इतका चढा आहे की माणसाला टोपली घेऊन आडवं फिरता येत नाही, अशी जागा कुत्र्याच्या कामाची.

उघड्या कातळाच्या सड्यावर झाडांचं बी टाकायचं नाही. सडा उन्हाळ्यात भकास दिसतो म्हणून तो उजाड, असं समजणारे पुष्कळ आहेत. पण श्रावण-भाद्रपदात तिथे फुलणारी रोपं त्या उथळ मातीसाठीच घडलेली असतात, त्यातली काही जगात इतरत्र कुठे सापडत नाहीत. तिथे झाड उगवलं तर नुकसानच.

परवानगीचं आधी उरका. कोकणात बरंचसं रान खासगी मालकीचं आहे, त्यामुळे सातबाऱ्यावर नावं असलेल्या सगळ्यांचा होकार घ्या. मुंबईतल्या चुलत्याला फोन करायचा राहिला की नेमका पेरणीच्या सकाळी वाद उभा राहतो. राखीव वनात जायचं तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. फणसाड किंवा कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात कुत्रं नेण्याचा विचारही करू नका. देवराई असेल तर गावकर-मानकरी आणि गुरवाला विचारा. काही देवरायांत कौल घेतल्याशिवाय पान तोडत नाहीत, तिथे कुत्र्याचा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

कुत्रं कोणतं

बॉर्डर कोली विकत आणण्याच्या भानगडीत पडू नका. दाट केसांचं ते जनावर कोकणच्या दमट हवेत हैराण होतं. आपलं गावठी कुत्रं या कामाला चांगलं: आखूड केस, काटक पाय, १५ ते २० किलो वजन, आणि उतारावर चालायची जन्मापासून सवय. वय दीड ते सात वर्षं असावं. त्याहून लहान कुत्र्याच्या वाढत्या सांध्यांवर ओझं नको. गाभण किंवा पाजती कुत्री नको. चपट्या तोंडाची पग वगैरे मंडळी तर अजिबात नको, त्यांना नुसत्या चढणीवरच दम लागतो.

एक गोष्ट मात्र नीट पारखा. शिकारीला नेलं जाणारं कुत्रं कितीही हुशार असलं तरी ते या कामाला बाद. वणव्याने आडोसा गेलेला असतो. ससे, पिसोरी (इवलंसं मूषकहरीण), जमिनीवर अंडी घालणारे पक्षी उघड्यावर आलेले असतात. त्यांच्यामागे लागणारं कुत्रं बी पेरण्यापेक्षा जास्त बिघाड करतं. परीक्षा सोपी आहे: कोंबड्या मोकळ्या असलेल्या परड्यातून दहा मीटरच्या दोरीवर न्या. हाकेसरशी कोंबडी सोडून मागे वळलं तर ठेवा, नाही तर त्याला घर राखू द्या.

रेबीजची लस हवीच, सोबत डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग) आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूजन्य ताप) यांचा अंश असलेली संयुक्त लसही. डिस्टेंपर कोल्ह्यांना आणि उदमांजरांना होतो, लेप्टो कोकणच्या पावसात माणसालाही सोडत नाही. लस शेवटच्या आठवड्यात टोचून उपयोग नाही, एप्रिलपर्यंत पूर्ण करा. गोचिडांचं औषधही तेव्हाच सुरू करा.

पिशवी

बाजारातला शिंपी ही पिशवी अर्ध्या दिवसात शिवून देतो. जाड कॅनव्हास घ्या, नायलॉन नको, ते ओलं झालं की कातडी सोलतं. आधी छाती आणि पोटाभोवती बसणारा पट्ट्यांचा साज. पट्टा आणि अंग यांत दोन बोटं सहज जावीत. साजाच्या दोन बाजूंना दोन खिसे, प्रत्येक साधारण २० सेंटीमीटर रुंद, १८ उंच आणि ५ खोल. खिशाचा तळ सपाट ठेवू नका, नरसाळ्यासारखा निमुळता शिवा, म्हणजे मिश्रण आपोआप भोकाकडे सरकतं.

तळाशी प्रत्येक खिशाला तीन भोकं, दोन सेंटीमीटर व्यासाची, काजासारखी कडेने शिवून घेतलेली. भोक सर्वांत मोठ्या बियेच्या दुप्पट तरी हवं. लहान भोकात दोन बिया अडकल्या की कमान धरतात आणि मागचं सगळं थांबतं. भोक बंद करायला चिकटपट्टी पुरते. वरून झडप हवी, नाही तर पावसाचा एक शिंतोडा आत जाऊन शेणखताचा लगदा होतो.

खिसे साजाला व्हेल्क्रोनेच जोडा, बकलने नको. कुत्रं करवंदीच्या जाळीत अडकलं तर पिशवी सुटून मागे राहिली पाहिजे, कुत्रं नाही.

ओझ्याचा हिशेब कुत्र्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांत. १८ किलोच्या कुत्र्याला सगळं मिळून १.८ किलो. साज आणि पिशवी ३५० ग्रॅम धरली तर १.४ किलो मिश्रण भरता येतं, दोन्ही खिशांत ७००-७०० ग्रॅम. हे वजन तराजूवरच करा. एका बाजूला शंभर ग्रॅम जास्त झालं तरी पिशवी फिरते आणि काखेत काचतं.

बी: काय, किती, आणि काय कधीच नाही

बी त्याच डोंगराच्या किंवा शेजारच्या गावच्या झाडांचं घ्या. आवळा, खैर, कुडा, बहावा, मुरडशेंग यांचं बी हिवाळ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत गोळा होतं. ते वाळवून कापडी पिशवीत, कडुनिंबाचा पाला घालून टांगून ठेवा. करवंद आणि जांभूळ यांचं बी मात्र साठवणीचं नाही. गर धुऊन सावलीत सुकवलं की आठ-पंधरा दिवसांत पेरायलाच हवं. पिकायची वेळ आणि मिरगाची वेळ जवळपास येते हे आपलं नशीब.

कुड्याच्या बियेला रेशमी झुबका असतो. तो राहिला तर पिशवीत गुंता होतो, म्हणून बी हातावर चोळून झुबके उडवून टाका. ऐन आणि किंजळ यांची पंखवाली फळं पिशवीतून पडतच नाहीत. शिवण आणि जांभळीचं बी मोठं. अशी सगळी बियाणं कुत्र्याला न देता मागून चालणाऱ्या माणसाने काठीने भोक पाडून लावावीत.

बहाव्याचं कवच कठीण असतं. उकळतं पाणी चुलीवरून उतरवून त्यात रात्रभर ठेवलेलं बी फुगतं आणि लवकर उगवतं. पण फुगलेलं बी भोकात अडकतं आणि पावसाने चार दिवस दडी मारली तर मरतं. म्हणून फुगवलेलं हाताने लावा. पिशवीसाठी निम्मं बी सँडपेपरवर घासून घ्या, उरलेलं तसंच न घासता मिसळा. न घासलेलं यंदा नाही तर पुढच्या वर्षी उगवेल, सगळा डाव एकाच पावसावर लावायला नको.

एक एकराला, म्हणजे ४० गुंठ्यांना, आठ ते दहा हजार बिया पुरतात. चौरस मीटरला दोन-अडीच. एका भरण्याचं माप साधारण असं:

- खैर १५० ग्रॅम
- बहावा १५० ग्रॅम
- कुडा आणि मुरडशेंग मिळून ७० ग्रॅम
- आवळा ३० ग्रॅम
- चाळलेलं, खडखडीत वाळलेलं शेणखत १ किलो

प्रत्येक जातीचं दहा ग्रॅम बी मोजून पाहा आणि त्यावरून माप पुढे-मागे करा. खैराच्या किलोभर बियांत ४० हजारांच्या आसपास दाणे असतात, बहाव्यात त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. शेणखताऐवजी भाताचं तूस वापरायचा मोह होतो, कारण ते फुकट आणि हलकं. पण धावताना जड बी तळाला बसतं आणि पहिल्या दोनशे मीटरमध्ये सगळं बी संपून पुढे नुसतं तूस सांडतं.

काजऱ्याचं बी कुत्र्याच्या पिशवीत कधीही नको. त्यात स्ट्रिक्निन असतं, चावलं तर कुत्रं हातचं जातं. बिब्बाही नको. त्याचं तेल उततं, कुत्र्यालाही आणि पिशवी भरणाऱ्यालाही. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झपाट्याने वाढतात म्हणून कोणी सुचवेल, नम्रपणे नाही म्हणा.

सहा आठवड्यांची तयारी

कुत्र्याला शिकवायची एकच गोष्ट: शिट्टी वाजली की शिट्टीकडे धावायचं. गावठी कुत्रं कोलीसारखं माणसापासून लांब वर्तुळात फिरत नाही, ते दोन माणसांमध्ये धावतं. आपली सगळी पद्धत यावरच उभी आहे.

पहिले दोन आठवडे दोघांनी वीस मीटरवर उभं राहून आळीपाळीने शिट्टी वाजवायची आणि आलं की सुक्या बांगड्याचा नखाएवढा तुकडा द्यायचा. तुकडा हातातूनच द्यायचा, जमिनीवर टाकायचा नाही. याला कारण आहे. रानडुकरांसाठी खाद्यात लपवलेले गावठी बॉम्ब अजूनही काही ठिकाणी टाकलेले असतात आणि ते तोंडात धरून कुत्री मरतात. जमिनीवरचं काहीही उचलायचं नाही हे अंगवळणी पडल्याशिवाय कुत्रं डोंगरावर न्यायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात रिकामा साज, रोज दहा मिनिटं. पुढे दर तीन-चार दिवसांनी दोनशे ग्रॅम वाळू वाढवत १.४ किलोवर या. वजन वाढवल्यावर कुत्रं अंग झाडत बसलं, मागे वळून पिशवी चावायला लागलं तर एक पायरी खाली उतरा. घाई केली की त्याला पिशवी दिसताच ते माडीखाली जाऊन बसतं, आणि मग कितीही बांगडे दाखवा.

शेवटच्या आठवड्यात मोजणी करा. ही पायरी गाळणारेच नंतर 'उगवलं नाही' म्हणतात. खळं झाडून स्वच्छ करा, दोघं वीस मीटरवर उभे राहा, पिशवी भरून वजन करा आणि कुत्र्याच्या दहा फेऱ्या करा. दोनशे मीटर धाव झाली. आता पुन्हा वजन करा: २८० ग्रॅमच्या आसपास कमी झालं पाहिजे. चारशे झालं तर एकेक भोक बंद करा. शंभरच झालं तर शेणखत दमट आहे किंवा भोकात काडी अडकली आहे. मग पडलेलं झाडून गोळा करा आणि बी मोजा. पहिल्या पाच फेऱ्यांचं आणि नंतरच्या पाच फेऱ्यांचं वेगळं मोजलंत तर बी तळाला बसतंय का तेही कळतं.

पेरणीचा दिवस

मे अखेरीला कोरड्यात पेरलं तर मुंग्या, उंदीर आणि पाखरं निम्मं बी फस्त करतात. वळिवाने उगवलेलं पुढच्या उन्हात जळतं. आर्द्रा लागल्यावर पेरलं तर कोसळणाऱ्या पावसात बी राखेसकट पऱ्ह्यात वाहून जातं. मिरगाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावरचे आठ-दहा दिवस, साधारण १० ते २० जून, हीच वेळ.

ताज्या जळक्या मातीवर कधी कधी पाणी मुरत नाही, थेंब मोत्यासारखा वर बसून राहतो. पाणी ओतून पाहा. मुरत नसेल तर थांबा. बोटाचं एक पेर आत घालून माती ओली लागली की पेरा.

सकाळी सातच्या आधी रानात शिरू नका. अंधुक उजेडात बिबट्यासाठी कुत्रं म्हणजे आयता घास. सात ते साडेनऊ हे काम. कुत्रं नेण्याआधी एकाने पट्टा पायी तपासावा: डुकरासाठी लावलेले तारेचे फास, जळून टोकदार झालेले चिवा आणि माणगा या बांबूंचे खुंट, आणि गवत जळल्यामुळे काठ न दिसणाऱ्या जुन्या चिरेखाणी. खाण जवळ असेल तर पन्नास मीटर अलीकडेच पट्टा संपवा.

मग दोघं एकाच उंचीवर, उताराला आडवे, एकमेकांपासून ४० मीटरवर उभे राहतात. एकाची शिट्टी, कुत्रं धावत येतं, तुकडा खातं, तेवढ्यात दुसरा आठ मीटर वर सरकून शिट्टी वाजवतो. मग पहिला आठ मीटर वर. अशा पंचवीस फेऱ्यांत एक किलोमीटर धाव होते, एक एकर होतो आणि पिशवी रिकामी होते. उताराला उभं, वर-खाली पळवू नका. खाली येताना पिशवी मानेवर सरकते, आणि पावलांची उभी वाट पडली की तीच पुढे पाण्याची वाट होते.

प्रत्येक एकरानंतर पंधरा मिनिटं विसावा आणि पाणी. एका कुत्र्यामागे दोन लिटर घ्या, पऱ्ह्याचं गढूळ पाणी पिऊ देऊ नका. तीन भरणी झाली की त्या दिवसापुरतं पुरे. जीभ रुंद होऊन बाजूने लोंबली, लाळ दाट झाली, चाल डगमगली की पिशवी तिथेच काढा, पोटावर आणि जांघेत साधं पाणी ओता आणि सावलीत न्या. 'एवढी एक फेरी' म्हणणारा माणूस सोबत नको.

फुरसं कातळाच्या कपारीत आणि दगडाखाली असतं, गडग्यांतही. कुत्र्याचा पाय किंवा तोंड अचानक सुजलं, रक्त थांबेना, तर बांधत-कापत बसू नका, उचलून गाडीत घाला. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, पण ती जवळच्या पशुवैद्यकाकडे आहे का, हे पेरणीच्या आधीच विचारून ठेवा. सोबतच्या माणसांनी गमबूट घालावेत. पायाला जखम आणि चिखल अशी गाठ पडली की लेप्टोचं भय असतं.

घरी आल्यावर पंजे गोड्या पाण्याने धुवा. ओली राख क्षारयुक्त असते, कुत्रं ती चाटतं आणि कातडीही फुटते. बोटांच्या बेचक्यात काटे बघा, कानामागे आणि काखेत गोचिडी बघा. अंगाला चिकटलेलं गवताचं बी विंचरून चुलीत टाका, पुढच्या सकाळी तेच डोंगरावर नेऊ नका.

नंतर

पेरताना दहा मीटर रुंदीचा एक पट्टा मुद्दाम न पेरता सोडा आणि कोपऱ्यांना चिरे रंगवून ठेवा. पेरलेल्या भागात एक-एक मीटरचे दहा चौकोन आखा, सोडलेल्या पट्ट्यातही दहा. जुलैअखेर, ऑक्टोबरात आणि पुढच्या मेमध्ये रोपं मोजायची. जुलैचा आकडा पाहून पेढे वाटू नका. उगवलेल्यांतली बरीचशी पहिल्या उन्हाळ्यात जातात. मेमध्ये दोन चौकोनांमागे एक रोप टिकलं तरी एकराला दोन हजार झाडं होतात, आणि ते भरपूर आहे.

जळक्या मातीवर रानमोडी हे तण सर्वांच्या आधी पसरतं. ऑगस्ट-सप्टेंबरात माती ओली असताना ते मुळासकट सहज येतं. फुलायच्या आत उपटा. भातकापणीनंतर गुरं मोकाट सुटतात, त्यांच्यासाठी खालच्या अंगाला करवंदीच्या तोडलेल्या फांद्यांची वई घाला.

डिसेंबरात गवत पिवळं पडलं की पट्ट्याभोवती चार-पाच मीटर रुंदीची जाळरेषा काढा. आधी गवत कापून आत ओढा, मग सकाळच्या दवात, वारा पडलेला असताना, पाणी आणि ओल्या डहाळ्या घेऊन चार माणसांनी ती पट्टी जाळावी. शेजारी कोणी राब भाजणार असेल तर त्याचा दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी तिथे हजर राहा. एका वर्षाच्या रोपावरून आग गेली तर त्यातलं फारसं काही उरत नाही.

दुसऱ्या मेमध्ये पेरलेला आणि सोडलेला असे दोन्ही पट्टे सारखेच दिसत असतील तर त्या डोंगराला कुत्र्याची गरज नव्हती, फक्त राखणीची होती. मग पुढच्या मिरगाला पिशवी दुसऱ्या उतारावर न्या.